कागदाचा शेजार

मे महिना संपत आला की या सदराकडे येणारी पत्रं वाढतात. पावसाआधी माळे आवरले जातात, ट्रंका उघडल्या जातात आणि ‘हे ठेवू की टाकू’ हा प्रश्न घरोघरी उभा राहतो. मी ठाण्यातल्या एका महाविद्यालयात ३१ वर्षं ग्रंथपाल होते. निवृत्तीनंतरही जुन्या दप्तरांतच वेळ जातो. मला जेवढं येतं तेवढं सांगते. या खेपेला सहा प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : मॅडम, मी मुंबई विद्यापीठात एम.ए. करते. आम्ही मूळचे घणसोलीचे, आता कोपरखैरण्यात राहतो. आजोबांची लोखंडी पेटी उघडली. त्यात भूसंपादनाच्या नोटिसा, जुने सातबारे, फेरफाराचे उतारे, मिठागराच्या हिशेबाच्या दोन वह्या, लग्नपत्रिका, मोर्च्याची पत्रकं आणि काही मोडी कागद आहेत. काका म्हणतात, जमिनीचे कागद ठेव, बाकी रद्दीत घाल. मला वाटतं, सगळं विद्यापीठाला द्यावं. काय करू? (एक विद्यार्थिनी, कोपरखैरणे)

उत्तर : आधी एक काम कर. पेटी जशी उघडलीस तशीच बंद कर. काढलेलं सगळं त्याच क्रमाने परत ठेवता येत असेल तर ठेव, नसेल तर निदान आता आणखी काही वेगळं करू नकोस.

तुला हे विचित्र वाटेल. आपल्याला आवरायची सवय असते. नोटिसा एकीकडे, पत्रिका एकीकडे, वह्या एकीकडे, की मग घर कसं टापटीप दिसतं. पण दप्तराच्या कामात यासारखं नुकसान दुसरं नाही. मी ते स्वतः केलेलं आहे, म्हणून एवढ्या कळकळीने सांगते. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत एका निवृत्त शिक्षकांच्या घरून आमच्याकडे पोस्टकार्डांचा गठ्ठा आला होता, सुतळीने बांधलेला. मी तो सोडला आणि दोन दिवस बसून कार्डं लिहिणाऱ्यांच्या नावांप्रमाणे लावली. ज्यांवर नाव नव्हतं, नुसतं ‘आपला तोच’ असं होतं, ती शेवटी ‘अज्ञात’ म्हणून ठेवली. पुढे एक अभ्यासक आले. त्यांनी विचारलं, ‘आपला तोच’च्या आधी आणि नंतर कुठली कार्डं होती? मला सांगता आलं नाही. त्या शिक्षकांनी प्रत्येक पत्र त्याच्या उत्तराशेजारी ठेवलेलं होतं. सुतळीच्या त्या क्रमात लिहिणाऱ्याची ओळख होती आणि ती मी माझ्या हातांनी पुसली. कागदाइतकाच त्याचा शेजार मोलाचा असतो, हे मी तेव्हा शिकले.

तुझ्या आजोबांच्या पेटीचंही तसंच आहे. नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, सिडको, स्थापन झाली १७ मार्च १९७० रोजी. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनींवर नवं शहर उभं राहायचं होतं. त्या गावांमध्ये घराघरांत १८९४च्या भूसंपादन कायद्याखालच्या नोटिसा आल्या, शेवटची निवाडा, म्हणजे मोबदल्याचा निर्णय, झाल्याचं कळवणारी. या नोटिसांच्या कार्यालयीन प्रती सरकारी दप्तरात असतीलच. पण त्या नोटिशीच्या घडीत मोर्च्याचं पत्रक ठेवलेलं असेल, पाठीवर पेन्सिलीने वकिलाच्या फीचा हिशेब असेल, आणि खाली त्याच वर्षाची, मिठागराची शेवटची वही असेल, तर ते जगातल्या कुठल्याही सरकारी दप्तरात नाही. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईच्या परिसरात शेतकऱ्यांचं आंदोलन झालं, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले, आणि पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. याची सरकारी बाजू फाइलींत मिळते. गावाची बाजू असल्या पेट्यांत आहे. म्हणून काकांना सांग, पत्रक आणि पत्रिकासुद्धा जमिनीचेच कागद आहेत.

आता पुढचं. रोज अर्धा तास बस. वरून पहिला कागद उचल, मऊ पेन्सिलीने मागच्या कोपऱ्यात हलकेच क्रमांक घाल (पेन नको, स्टिकर तर मुळीच नको), फोनने दोन्ही बाजूंचे फोटो काढ, वहीत एक ओळ लिही, आणि कागद होता तिथेच ठेव. ओळ साधी असावी : ‘क्र. १४, नोटीस, अमुक तारीख, १३ आणि १५च्या मध्ये दुमडलेली, पाठीवर हिशेब’. टाचण्या आणि यूपिन गंजलेल्या असतील तर सावकाश काढ, त्यांच्या जागी काहीही टोचू नकोस, कागदाची दुमड घालून एकत्र ठेव.

वहीच्या पहिल्या पानावर पेटीची हकिगत लिही. ती कुणाची, घरात कुठे असायची, आजोबा काय करायचे, शेवटची कुणी आणि कधी उघडली. आजी आहेत का? असतील तर त्यांना शेजारी बसवून एकेक कागद दाखव आणि त्या काय म्हणतात ते फोनवर ध्वनिमुद्रित कर. मिठागरात आगर बांधताना कुणाला कशी मजुरी मिळायची, हे वहीतल्या आकड्यांवरून कळत नाही, त्यांच्या तोंडून कळेल. तुमच्या नात्यात एखादी धवलारीण, म्हणजे लग्नविधीची गाणी म्हणणारी, असेल तर तिचे लग्नातले धवलेही तिच्या परवानगीने टिपून ठेव. आगरी समाजाचा केवढा तरी इतिहास कधी कागदावर आलेलाच नाही.

विद्यापीठाला द्यायचं की नाही, हे यादी झाल्यावर ठरव. कुठल्याही संस्थेला देण्याआधी तीन गोष्टी विचार आणि लेखी घे. पेटी एकत्र राहील ना? वाचकांना बघायला मिळेल ना? आम्हाला नक्कल मिळेल ना? तुमचा वाढीव मोबदल्याचा दावा किंवा भाऊबंदकीतलं काही अजून कोर्टात असेल, तर मूळ जमिनीचे कागद घराबाहेर जाऊ देऊ नका, स्कॅन द्या. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार, म्हणजे जुन्या सरकारी कागदांचं भांडार, आहे, १८२१ साली सुरू झालेल्या बॉम्बे रेकॉर्ड ऑफिसचा तो वारसा. पुण्यात १९१०पासूनचं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. दोन्हीकडे एकदा नुसती बघायला जा. मांडणी बघितलीस की कुठे काय शोभेल ते तुझं तुलाच कळेल. आणि तू एम.ए. करतेच आहेस तर तुझ्या विभागप्रमुखांना ही यादी दाखव. प्रबंध याच पेटीवर होऊ शकतो.

प्रश्न : वडिलांचं पदवीचं प्रमाणपत्र फाटत चाललं आहे. लॅमिनेट करू का? (एक वाचक, वाशी)

उत्तर : नका. लॅमिनेशनमध्ये प्लास्टिक उष्णतेने कागदात वितळतं, ते परत काढता येत नाही, आणि आतला आम्लधर्मी कागद आत कोंडून आणखी लवकर पिवळा पडून तडकतो. सेलोटेपही नको, त्याचा डिंक काही वर्षांत तेलकट तपकिरी डाग सोडतो. चांगल्या जाड, आम्लरहित कागदाच्या पाकिटात सपाट ठेवा, रोज दाखवायला रंगीत झेरॉक्स वापरा.

प्रश्न : माझे वडील १९४३ साली पुण्याच्या स. प. महाविद्यालयातून बी.ए. झाले. त्यांचं प्रमाणपत्र हरवलं. आता आम्ही घराण्याचा इतिहास लिहितो आहोत, म्हणून पुण्याच्या विद्यापीठात चौकशी केली. तिथे नोंद नाही असं उत्तर आलं. वडील खोटं सांगत नव्हते याची मला खात्री आहे, पण पुतण्या आता शंका घेतो. (एक ज्येष्ठ वाचक, नौपाडा)

उत्तर : तुमचे वडील खरंच सांगत होते, आणि पुण्याचं उत्तरही खरं आहे. १९४३ साली पुणे विद्यापीठच नव्हतं. ते १० फेब्रुवारी १९४९ रोजी सुरू झालं. त्याआधी पुण्यातली फर्ग्युसन, डेक्कन, स. प. ही सगळी महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. नुसती पुण्याचीच नाहीत. अहमदाबादचं गुजरात कॉलेज, धारवाडचं कर्नाटक कॉलेज, पार कराचीचं डी. जे. सिंध कॉलेज, या सगळ्यांच्या परीक्षा मुंबई विद्यापीठ घेत असे. १९४७ ते १९४९च्या आसपास सिंध, पुणे, बडोदे, कर्नाटक आणि गुजरात अशी नवी विद्यापीठं होत गेली आणि मुंबईचा एवढा मोठा पसारा आटोपला. म्हणून जुन्या माणसाची नोंद शोधताना त्यांचं कॉलेज कुठल्या गावात होतं हे बघून भागत नाही. ते त्या साली कुणाच्या अखत्यारीत होतं, हे बघावं लागतं. मॅट्रिकचंही तसंच आहे. मॅट्रिकची परीक्षा फार वर्षं विद्यापीठच घेत होतं, बोर्ड नंतर आलं. तुमच्या वडिलांचं मॅट्रिकसुद्धा मुंबई विद्यापीठाचंच असेल.

तेव्हा शोध इथे जवळच घ्यायचा आहे. विद्यापीठ दरवर्षी ‘कॅलेंडर’ नावाचा जाडजूड ग्रंथ छापत असे. नाव दिनदर्शिकेचं असलं तरी आत सिनेटचे सदस्य, संलग्न महाविद्यालयं, नेमलेली पुस्तकं, बक्षिसं आणि देणग्या असं सगळं असतं, आणि कित्येक वर्षांच्या कॅलेंडरांत पदवीधरांच्या याद्याही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची काही कॅलेंडरं आता इंटरनेटवर स्कॅन केलेली मिळतात. नंतरच्या सालांसाठी मात्र ग्रंथालयात जावं लागेल. औपचारिक दाखला हवा असेल तर कलिन्याच्या विद्यानगरीतल्या परीक्षा विभागाकडे अर्ज करा. अर्जात वडिलांचं तेव्हाचं पूर्ण नाव, महाविद्यालय, परीक्षा आणि साल लिहा. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग तेव्हा कसं होतं हे एखाद्या जुन्या सहीवरून बघून घ्या, कारण रजिस्टर इंग्रजीत आहेत आणि एका अक्षराने माणूस हरवतो. स. प. महाविद्यालयालाही एक पत्र लिहा. महाविद्यालयाच्या प्रवेशनोंदीत विद्यापीठाला माहीत नसलेल्या गोष्टी सापडतात : वसतिगृह, पालकांचा पत्ता, फी माफी होती का.

कलिन्याला जाल त्याच आठवड्यात फोर्टलाही जा, विद्यापीठाचं जुनं ग्रंथालय तिथे आहे. मुंबई विद्यापीठ स्थापन झालं १८ जुलै १८५७ रोजी, म्हणजे उठाव धुमसत असताना. १८६२ साली बी.ए.ची पहिली तुकडी बाहेर पडली, त्यात न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. राजाबाई टॉवर आणि त्याखालचं ग्रंथालय प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून झालं, काम १८६९ ते १८७८ चाललं. टॉवरला त्यांनी आईचं नाव दिलं. तुमच्या वडिलांनी तो टॉवर पदवीदानाला येऊन पाहिला असेल का, हे तुम्हालाच माहीत. पुतण्याला बरोबर घेऊन जा. शंका घेणाऱ्या माणसाला दप्तरात नेलं की तो बहुतेक वेळा चांगला शोधक होतो, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात खालच्या मजल्यावर पाणी शिरलं. आईची पत्रं आणि काही फोटो भिजून एकमेकांना चिकटले. मी ते उन्हात वाळवले, आता ते कडक आणि वाकडे झाले आहेत. या वर्षी पुन्हा तसं झालं तर? आणि कागदांत डांबरगोळ्या ठेवाव्यात का? (एक गृहिणी, कळवा)

उत्तर : कळव्याला खाडी शेजारी, हवेत दमट खारा वारा. तुमच्या घरात हे पुन्हा होऊ शकतं, तेव्हा आधी जागा बदला. जमिनीपासून निदान वीतभर उंच, बाहेरच्या भिंतीपासून लांब, न्हाणीघराच्या भिंतीला तर कधीच टेकून नाही. माळाही नको. तिथे उन्हाळ्यात भट्टी असते आणि स्लॅब पाझरला की पहिलं पाणी तिथेच येतं.

कागद भिजलाच तर साधारण दोन दिवसांत बुरशी धरते, म्हणून घाई हवी. पण ऊन नको. उन्हाने कागद कडक होतो आणि शाई उडते. पंख्याच्या वाऱ्यात, सावलीत, स्वच्छ सुती कापडावर किंवा पांढऱ्या शोषक कागदावर पसरा. वर्तमानपत्र खाली घालू नका, त्याची शाई उतरते. चिकटलेली पानं ओढून सोडवू नका. एका दिवसात होण्यासारखं नसेल इतके कागद असतील, तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही. मग थोडे थोडे बाहेर काढून वाळवा. २६ जुलै २००५च्या पुरानंतर माझ्या एका मैत्रिणीने वडिलांची डायरी अशीच मटाराच्या पिशव्यांशेजारी ठेवून वाचवली. आता वाकडी झालेली पत्रं तशीच राहू द्या. जोराने सपाट केलीत तर घडीवर मोडतील. पत्रांचे फोनने फोटो घ्या, आणि आवडीचं एखादं पत्र असेल तर ते जतन करणाऱ्या जाणकाराला दाखवा.

एक मात्र बघा. पत्रं बोरूने आणि काजळीच्या शाईने लिहिलेली असतील तर शाई शेकडो वर्षं काळीभोर राहते, पण पाणी लागलं की पसरते. दौतीतली जुनी लोहाची शाई असेल तर ती पाण्यात तेवढी हलत नाही, पण कागदाला आतून खाते, अक्षराच्या जागी तपकिरी भोक पडतं. दोन्ही प्रकारांना ओलसर बोळ्याने पुसणं घातक आहे.

डांबरगोळ्यांबद्दलही विचारलं आहेत. कागदाला त्या चिकटवून ठेवू नका, आणि लहान मुलं असलेल्या खोलीत तर नकोतच. आपल्याकडे पोथ्यांच्या रुमालात वेखंडाचे तुकडे आणि कडुनिंबाचा सुकलेला पाला ठेवायची पद्धत होती, ती साधी आणि निरुपद्रवी आहे. पण खरी राखण त्याने होत नाही. महिन्यातून एकदा गठ्ठा उघडून, झटकून, वारं लावून परत बांधणं, हीच राखण. कसर आणि वाळवीला हात न लागलेला अंधारा कोपरा आवडतो.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाला लवकरच पन्नास वर्षं पूर्ण होतील. संस्थेने मला ‘संग्रह कक्ष’ उभा करायला सांगितलं आहे. एक खोली, चार काचेची कपाटं मिळाली आहेत. चषक, संस्थापकांचा कोट आणि चष्मा, मान्यवरांसोबतचे फोटो असं ठरलं आहे. आणखी काय ठेवावं? (एक प्राध्यापक, घोडबंदर रोड)

उत्तर : सर, चषक ठेवा. कोट आणि चष्माही ठेवा. पण काचेची चारपैकी दोन कपाटं परत करून त्याऐवजी साधी लोखंडी कपाटं मागून घ्या, कारण तुमच्या संस्थेची सगळ्यात मौल्यवान वस्तू कुणी काचेत ठेवणार नाही. ती म्हणजे प्रवेशाचं रजिस्टर.

कारण सांगते. मी नोकरीत असताना एका महाविद्यालयात रौप्यमहोत्सवाआधी रंगरंगोटी निघाली. तळघरातली जुनी रजिस्टरं किलोच्या भावाने गेली. कुणाचा वाईट हेतू नव्हता, जागा हवी होती. मी गेले तेव्हा टेम्पो भरत होता. चार रजिस्टरं उतरवून घेता आली, बाकीची गेली. रात्री घरी बसून ती चार वाचली आणि मला झोप आली नाही.

प्रवेशाच्या नोंदीत ‘पालकाचा व्यवसाय’ असा एक रकाना असतो. दुसरं कुणी तो वाचत नाही. पण सत्तरच्या दशकातलं रजिस्टर घ्या आणि तो एकच रकाना वरून खाली वाचत जा : शेती, मिठागर, गिरणी, गिरणी, रेल्वे, वागळे इस्टेट, गिरणी, शिक्षक, वागळे इस्टेट. वागळे इस्टेट साठच्या दशकात वसली, आणि दहा वर्षांत ती मुलांच्या अर्जावर आली. १९७२-७३च्या पानांवर काही नावांपुढे तांबड्या पेन्सिलीने ‘दुष्काळ’ लिहिलेलं होतं, त्यांची फी माफ केली होती. म्हणजे मराठवाड्यातून, नगरकडून इथे नातेवाइकांकडे आलेली मुलं. आणि १९८२च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यानंतरच्या जूनच्या प्रवेशांत ‘गिरणी’ लिहून त्यावर काट मारलेली, वर बारीक अक्षरात ‘संप’. एका कारकुनाने केलेली ती खूण. संपावर पुस्तकं पुष्कळ झाली. पण ठाण्यातल्या कुठल्या घरांची फी त्या वर्षी थकली, हे फक्त त्या कारकुनाला माहीत होतं आणि त्याने ते लिहून ठेवलं.

म्हणून तुमच्या महाविद्यालयाचा इतिहास म्हणजे घोडबंदर रोडचा इतिहास आहे. शेतं, मग कारखाने, मग कारखान्यांच्या जागी टॉवर. हे सगळं तुमच्या कार्यालयात फी, हजेरी आणि टपालाच्या नोंदींत आधीच लिहिलेलं आहे. उद्याच्या उद्या मुख्य लिपिकांना भेटा. प्रवेशाची आणि फीची रजिस्टरं, व्यवस्थापन समितीची इतिवृत्तं, आवक-जावक टपाल, ग्रंथालयाच्या दाखल नोंदी, स्नेहसंमेलनाची पत्रकं, विद्यार्थी संघटनांची हस्तपत्रकं, निवडणुकीचे तंटे, कँटीनचे दरपत्रक, वार्षिक अंकाची छापण्याआधीची कच्ची हस्तलिखितं. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठी तुम्ही फाइली नीट लावल्या असतीलच, त्या चांगल्या आहेत, पण त्या तपासणीसाठी लावलेल्या आहेत. मी म्हणते ते कागद कामाच्या ओघात आपोआप साठलेले आहेत आणि म्हणूनच ते खरं बोलतात.

विद्यार्थ्यांच्या खाजगी माहितीची काळजी घ्या. जात, उत्पन्न आणि गुण असलेली अलीकडच्या वर्षांची रजिस्टरं बंद ठेवा, अभ्यासकांना ठराविक जुन्या वर्षांचीच द्या. हे नियम आधी लिहून, समितीकडून मंजूर करून घ्या, नाहीतर उद्या कुणी दुसरा येईल आणि भीतीने सगळंच कुलूपबंद करेल. सरकारी अभिलेखांसाठी आपल्याकडे २००५चा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम आहे. काय कधी नष्ट करावं आणि काय कायम ठेवावं याचा विचार तिथे झालेला आहे, तो वाचून तुमची नियमावली बेतता येईल.

निवृत्त शिपाई, प्रयोगशाळा सहायक आणि कँटीन चालवणारे काका यांच्या मुलाखती माजी प्राचार्यांच्या आधी घ्या. प्राचार्यांची भाषणं छापून आलेली आहेत.

आणि हेही सांगून ठेवते, आता सूचना व्हॉट्सॲपच्या गटांवर जातात. त्या दर सत्राच्या शेवटी कुणीतरी उतरवून, तारखेनिशी फाइल करून ठेवायला हव्यात. हस्तपत्रक निदान भिंतीला चिकटून राहत असे. फोन बदलला की सूचना गेली.

ठाण्याला या कामाची परंपरा आहे. १८९३ साली इथे मराठी ग्रंथ संग्रहालय सुरू झालं ते ‘मराठीत छापलेलं प्रत्येक पुस्तक जपावं’ या हट्टाने, आणि त्यामागे वि. ल. भावे होते, ज्यांनी ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिलं. भाव्यांचा मिठागरांचा व्यवसाय होता. व्यवसाय सांभाळून त्यांनी महाराष्ट्रभरातून जुनी हस्तलिखितं गोळा केली. खोली, कपाट आणि अनुदान यांची वाट बघितली नाही. तुम्हाला तर खोली मिळाली आहे.

प्रश्न : घरात एक मोडी कागद आहे. आम्ही मूळचे बेलापूर पट्टीचे. वरच्या ओळीचा फोटो पाठवला आहे. काय लिहिलंय, किती जुना आहे, आणि मोडी शिकायला किती दिवस लागतात? (एक वाचक, नेरूळ)

उत्तर : फोटोत दोन गोष्टी वाचता आल्या. ‘छ ११ रजब’ आणि ‘सु॥ समान सलासीन मया व अलफ’. पहिला भाग म्हणजे रजब या मुस्लिम महिन्याची अकरावी तारीख. दुसरा भाग म्हणजे जुन्या मराठी दप्तरांत वापरला जाणारा सुहूर सन, अरबी आकड्यांच्या शब्दांत : समान ८, सलासीन ३०, मया १००, अलफ १०००. एकूण ११३८. यात ५९९ मिळवले की १७३७. सुहूर साल मृगाला सुरू होतं, म्हणून हे १७३७च्या जूनपासून पुढचं वर्ष, आणि रजबची अकरावी धरली तर साधारण नोव्हेंबर १७३७चा प्रारंभ.

ही तारीख बघून मी खुर्चीत ताठ बसले. ठाणं पोर्तुगीजांकडून मराठ्यांच्या हाती आलं ते १७३७च्या मार्चमध्ये. चिमाजीअप्पांची ती मोहीम मे १७३९ मध्ये वसई पडेपर्यंत चालली. म्हणजे तुमच्या कागदाची तारीख नव्या अंमलाच्या पहिल्याच वर्षातली आहे. तेव्हा कुणाला काय सांभाळायला दिलं, कुणाचं वतन चालू ठेवलं, असं काही आत असू शकेल.

पण तारीख १७३७ची म्हणून कागद १७३७चा, असं लगेच धरू नका. १८५२नंतर इनामांची तपासणी करणाऱ्या इंग्रजांच्या इनाम कमिशनपुढे हक्क सिद्ध करायला घरोघरी जुन्या सनदांच्या नकला केल्या गेल्या. नकलेवर मूळ तारीखच असते. कागद खिडकीशी उजेडात धरून बघा. हातकागद असेल तर तंतू वेडेवाकडे दिसतील. आत इंग्रजी अक्षरांचं किंवा चित्राचं जलचिन्ह दिसलं तर तो विलायती कागद आहे. शेवटी ‘लेखन सीमा’ किंवा ‘मोर्तब सुद’ असं शिक्क्यात आहे का, की नुसतं हाताने लिहिलं आहे, तेही बघा. नक्कल निघाली तरी तिचं मोल कमी होत नाही. तुमच्या घराने शंभर वर्षांनी पुन्हा तो हक्क मागितला, ही आणखी एक हकिगत हाती येते.

मोडी शिकायला रोज तासभर दिलात तर दोन-तीन महिन्यांत अक्षरं लागतात. ओघ लागायला वर्ष जातं. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. २०२३पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर मोडी वाचकांची मागणी एकदम वाढली आहे, तुमच्या घरातल्या तरुण मुलांना हे सांगा.

आता माझी एक विनंती. तुम्ही फक्त वरच्या ओळीचा फोटो पाठवलात. पूर्ण कागदाचा पाठवा, आणि उलट करून पाठीचाही. जुन्या कागदांच्या पाठीवर जोडावरचे शिक्के आणि कारकुनांच्या खुणा असतात. तो कुठल्या गठ्ठ्यात, कशाच्या खाली होता, तेही लिहून कळवा.